पाख्याखालची जागा

जुन्या मठाच्या किंवा वाड्याच्या माळ्यावर जो लहानपणी एकदा तरी चढला आहे, त्याला माळ्याचे वर्णन करून सांगावयास नको. शिडीच्या शेवटच्या पायरीवर उभे राहून झडप डोक्याने वर ढकलली की प्रथम जुन्या लाकडाचा व धुळीचा वास येतो, मग कौलांच्या फटींतून उतरलेले उन्हाचे कवडसे दिसतात, आणि दोन पावले पुढे टाकावीत तो कपाळास लाकूड लागते. उत्सवातील मोठ्या समया, पालखीचे जुने दांडे, पंगतीची तपेली, चामडे फाटलेले पखवाज आणि लाल बासनात बांधलेल्या पोथ्या यांचे वसतिस्थान हेच. खाली प्रत्येक हात जागेचा हिशेब असतो. वर घराइतकीच लांबरुंद जागा असूनही तीत माणसास सरळ वावरता येत नाही. कारण मध्यावर, जेथे उंची पुरेशी आहे नेमकी तेथेच, छपराची लाकडे उभी, आडवी आणि तिरकी पसरलेली असतात.

ही लाकडे तेथे का आहेत, आणि छपरास धक्का न लावता ती बाजूस कशी सारावी, हा प्रश्न सुतारांस शतकानुशतके पडत आला आहे. त्याच्या उत्तरांचा इतिहास युरोपखंडात विशेष तपशिलाने पाहावयास मिळतो. तेथील पाखी हिम व पाऊस गळून पडावा म्हणून उंच व उतरती, शहरे तटबंदीच्या आत कोंडलेली, आणि वर्षभराचे धान्य कोरडे ठेवण्याची गरज मोठी. त्यामुळे पाख्याखालच्या जागेचा लोभ तेथील लोकांस अधिक झाला. म्हणून या लेखात वाचकांस बरेच दूरवर हिंडावे लागेल. प्रारंभ मात्र घरापासून करतो.

माझ्या आजोळचे घर कौलारू होते आणि त्याच्या पुढच्या सोप्यावर सागवानी कैच्या होत्या. एका मुंजीच्या वेळी पाहुण्यांच्या निजण्याची सोय व्हावी म्हणून थोरल्या मामांनी मधल्या कैचीतील उभा खांब करवतीने कापून काढविला. खांबाच्या खाली तर नुसती तुळई. तुळईखाली भिंतही नाही आणि दुसरा खांबही नाही. मग हा येथे उभा राहून करतो तरी काय, असा मामांचा सवाल होता, आणि तो त्या वेळी सर्वांस बिनतोड वाटला. मुंज यथासांग पार पडली. माळ्यावर पंधरा-वीस माणसे निजली. आषाढातल्या पहिल्या मोठ्या पावसात मात्र त्या बाजूची कौले सरकली, वासे मध्यावर लचकले, आणि सोप्यावर बसून वर पाहिले असता तुळईस स्पष्ट पोट आलेले दिसू लागले.

मामांची चूक समजण्यासाठी कैचीचे काम थोडे समजून घेतले पाहिजे. दोन पाट एकमेकांस डोके टेकवून उभे केले तर ते क्षणभर उभे राहतात आणि मग त्यांचे पाय बाहेर सरकून दोन्ही पाट जमिनीवर येतात. छपराचे दोन बाजूंचे वासे हेच करू पाहतात. कौलांचे वजन त्यांस खाली दाबते, आणि त्या दाबाचा काही भाग रेटा होऊन भिंती बाहेर ढकलू लागतो. हा रेटा थांबविण्यासाठी दोन्ही वाशांचे पाय एका आडव्या तुळईने बांधून टाकतात. ही तुळई वजन पेलण्यासाठी असते असे आपण समजतो. परंतु कैचीतील तिचे मुख्य काम दोरीचे आहे. ती दोन्ही टोकांस ताणलेली असते. आता ही तुळई लांब झाली की स्वतःच्या भारानेच मध्ये लोंबू लागते. म्हणून वाशांच्या शेंड्याशी, आढ्याखाली, एक उभे लाकूड अडकवून त्याच्या खालच्या टोकास तुळई टांगतात. त्याच लाकडाच्या पायाशी दोन तिरके टेकू बसवून ते वाशांच्या मध्यास देतात. मामा ज्याला तुळईवर उभा असलेला खांब समजले, तो वस्तुतः वरून टांगलेला होता आणि तुळईच त्याच्या आधाराने तरंगत होती. तो कापताच तुळईचा वरचा आधार गेला आणि टेकूंचा पाय सुटून वाशांचाही गेला.

ही युक्ती फार जुनी आहे. सिनाईच्या वाळवंटात संत कॅथरीनचा ख्रिस्ती मठ आहे. अखंड वसती असलेल्या जगातील अतिप्राचीन मठांत त्याची गणना होते आणि त्याचा हस्तलिखितांचा संग्रह विख्यात आहे. तेथील मुख्य प्रार्थनामंदिराच्या छपरात अशाच मधला खांब टांगलेल्या लाकडी कैच्या आहेत. काही तुळयांवर ग्रीक लेख कोरले आहेत. त्यांत सम्राट जस्टिनियन हयात असल्याप्रमाणे आणि सम्राज्ञी थिओडोरा दिवंगत झाल्याप्रमाणे उल्लेखिली आहे. थिओडोरा ५४८ साली वारली व जस्टिनियन ५६५ साली. अर्थात ही लाकडे त्या सतरा वर्षांच्या आतली. पुढे त्यांखाली छत बसविण्यात आल्याने भाविकांच्या दृष्टीस ती पडेनाशी झाली, परंतु वर आपले काम करीत राहिली. चौदाशे वर्षांहून अधिक काळ ताण सोसणारे लाकूड आजही जागच्या जागी आहे, हे ऐकून आपल्याकडील एखाद्या जुन्या सुतारास आश्चर्यापेक्षा समाधान अधिक वाटेल असे मला वाटते.

मधला खांब असलेल्या या कैचीत दोष एवढाच की तिच्याखालची जागा निरुपयोगी. धर्ममंदिरांस त्याचे काही वाटत नसे. पॅरिसच्या नोत्र दाम मंदिराच्या दगडी कमानींवर तेराव्या शतकातील ओकच्या लाकडांची इतकी दाट गर्दी होती की लोक त्या पोटमाळ्यास ‘अरण्य’ म्हणत. तेथे सुतार व घंटा वाजविणारे यांखेरीज कोणी फारसे जात नसे. शहरातील धान्याच्या वखारींची गोष्ट वेगळी होती. तेथे जागा म्हणजे पैसा, आणि मध्यावरचा प्रत्येक खांब म्हणजे तितक्या पोत्यांचा तोटा.

या तोट्यावर पहिले पक्के उत्तर मध्ययुगाच्या अखेरीस जर्मन भाषेच्या प्रदेशातील सुतारांनी काढले. तोपर्यंत त्यांच्या उंच छपरांत माळ्याच्या जमिनीवर उभे खांब रोवून त्यांवर वासे तोललेले असत. त्यांनी हे खांब उपटून, तिरपे करून, थेट वाशांच्या खालच्या अंगास टेकवून बसविले. खांबांचे पाय बाहेरच्या भिंतींजवळ तुळयांच्या टोकांशी गेले, आणि त्यांची डोकी वरच्या अंगास एका आडव्या दांड्याने परस्परांपासून दूर धरली गेली. छपराचा भार आता माळ्याच्या मध्यावर न पडता दोन्ही कडांनी घसरत भिंतींवर उतरू लागला आणि मधला सारा माळा मोकळा झाला. जर्मन सुतार पहिल्या रचनेस उभी आणि दुसरीस निजलेली म्हणतात. खांब जणू उभ्याने काम करून थकला आणि वाशाला पाठ टेकून आडवा झाला. न्यूरेंबर्ग शहरात १४९८ ते १५०२ या काळात बांधलेली मोठी धान्यवखार अजून दाखवितात. तिचे दगडी मजले थोडे आणि छपरातले माळे एकावर एक अनेक, असा तिचा थाट आहे. दुसऱ्या महायुद्धात ती उद्ध्वस्त झाली व नंतर पुन्हा उभारली गेली.

फ्रान्समध्ये फ्रांस्वा मांसार या सतराव्या शतकातील वास्तुकाराच्या नावाने जे मोडक्या उताराचे छप्पर प्रसिद्ध आहे, तेही याच विचारातले. त्याचा खालचा उतार जवळजवळ भिंतीसारखा उभा आणि वरचा अगदी सपाटीकडे झुकलेला. तुळई माळ्याची जमीन होते, आणि वरचा आडवा दांडा त्याच माळ्याचे छत होतो. मांसार या रचनेचा जनक नव्हे. त्याच्या पूर्वी शंभर वर्षे लुव्र राजवाड्यावर ती आलेली होती. तथापि पॅरिसमध्ये पुढे घराची उंची छज्जापर्यंत मोजण्याचे नियम झाले आणि छज्जाच्या वर छपरात दडविलेला मजला हिशेबातून सुटू लागला, तेव्हा या पद्धतीचे खरे भाग्य उजळले. त्या मजल्यावर राहावयास जाण्याचे भाग्य मात्र बहुधा मोलकरणी व विद्यार्थी यांच्याच वाट्यास आले.

वरील सर्व युक्त्यांत एक गोष्ट गृहीत धरली होती, ती म्हणजे लांब व जाड लाकूड मिळेल ही. ते न मिळाले तर? हा प्रश्न विचारणारा फिलिबेर द लोर्म हा मला या इतिहासातील सर्वांत मनोवेधक पुरुष वाटतो. तो लिओं येथील एका गवंड्याचा मुलगा. तरुणपणी रोमला जाऊन त्याने प्राचीन इमारतींची मापे घेतली आणि पुढे राजा दुसरा हेन्री याच्या कारकिर्दीत राजाच्या बांधकामांचा मुख्य अधिकारी झाला. १५५९ साली राजा अकस्मात मरण पावला आणि द लोर्मचे पद गेले. पदावरून दूर झालेल्या माणसाने कडवट आठवणी लिहाव्यात हे स्वाभाविक होते. याने १५६१ साली थोड्या खर्चात चांगले बांधण्याच्या नव्या शोधांवर ग्रंथ प्रसिद्ध केला आणि त्यात छपरांचा विषय घेतला.

फ्रान्समधील मोठी अरण्ये तुटत चालली आहेत, मोठ्या दालनावर टाकण्याजोग्या तुळया मिळेनाशा झाल्या आहेत, मग लहान तुकड्यांनीच मोठे छप्पर का करू नये, असा त्याचा विचार. बैलगाडीच्या चाकाचा घेर एका लाकडाचा नसतो. अनेक वाकडे तुकडे एकमेकांस जोडून तो होतो. त्याचप्रमाणे द लोर्म फळ्यांचे आखूड तुकडे कमानीच्या आकारात कातरून घेई. अशा तुकड्यांचे दोन थर पाठीस पाठ लावून ठेवी, आणि एका थरातला सांधा दुसऱ्या थरातल्या तुकड्याच्या मध्यावर येईल अशी काळजी घेई. म्हणजे एका थरात जेथे दुर्बलता तेथे दुसऱ्यात बळ. अशा लाकडी कमानी जवळजवळ ओळीने उभ्या करून त्यांस भोके पाडी, त्यांतून आडवे दांडे ओवी आणि दांड्यांच्या टोकांत लाकडी पाचरी ठोकी. कमान स्वतःच वासा आणि स्वतःच आधार असल्याने मधली तुळई गेली, टांगलेला खांब गेला, टेकू गेले. माळ्यावर उभे राहून पाहणारास उलट्या ठेवलेल्या नावेच्या पोटात आल्यासारखे वाटावे अशी ती जागा होई.

तुळई काढली तरी रेटा नाहीसा होत नाही, हे येथे लक्षात ठेवले पाहिजे. कमानीचे पायही बाहेर सरकू पाहतातच. फरक एवढा की कमान वर जितकी उंच व उभट, तितका तिचा रेटा कमी आणि खाली जाणारा भार अधिक. तो भिंतीने किंवा माळ्याच्या जमिनीच्या तुळयांनी सोसावयाचा. द लोर्मच्या पद्धतीची पुढे जेथे निंदा झाली तेथे बहुधा हीच बाजू दुर्लक्षिली गेली होती.

त्याच्या ग्रंथाचा खरा उपयोग त्याच्या मृत्यूनंतर दोनशे वर्षांनी झाला. पॅरिसच्या गोलाकार धान्यबाजाराचे मधले अंगण १७८३ साली लग्रां आणि मोलिनोस या दोघांनी द लोर्मच्या रीतीनेच लाकडी घुमट करून झाकले. घुमटाचा व्यास शंभर फुटांहून पुष्कळ अधिक, आणि खाली एकही खांब नाही. १८०२ साली तो जळाला. मध्यंतरी १७८६ साली तो पाहून वेडावलेल्या प्रेक्षकांत अमेरिकेचा तेथील वकील थॉमस जेफरसन होता. व्हर्जिनियात परतल्यावर त्याने माँटिचेलो येथील आपल्या घरावर १८०० साली द लोर्मच्या पद्धतीने घुमट चढविला आणि घुमटाखाली एक सुरेख अष्टकोनी दालन साधले. छपराखालच्या जागेचा इतका रम्य उपयोग क्वचितच झाला असेल. परंतु तेथे जाणारे जिने जेफरसनने चोवीस इंच रुंदीचे ठेवले होते. दालनात काही दिवस त्याचा नातू व नातसून राहिली, आणि शेवटी तेथे अडगळ ठेवू लागले. सुताराने माळा मोकळा करून दिला तरी जिना कोणी करावयाचा, हा प्रश्न राष्ट्राध्यक्षांच्या घरीही सुटला नाही.

प्रशियात डाव्हिड गिली या वास्तुकाराने १७९७ च्या सुमारास हीच फळ्यांची छपरे शेतकऱ्यांच्या कोठारांसाठी पुरस्कारिली. गवत साठविण्यास अखंड माळा मिळतो आणि लाकूड थोडे लागते, हे त्याचे दोन मुद्दे. पुढील पन्नास वर्षांत मात्र लोखंडी कांबी स्वस्त झाल्या, कैच्यांचे गणित सुधारले आणि फळ्यांच्या कमानी मागे पडल्या.

पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत घरांचा व लाकडाचा एकदमच दुष्काळ पडला, तेव्हा मेर्झेबुर्ग शहराचा बांधकाम अधिकारी फ्रीडरिख त्सोलिंगर याने तोच धागा पुन्हा उचलला. त्याने आखूड फळ्या चटईच्या विणीप्रमाणे तिरप्या गुंफून, जेथे त्या भेटतात तेथे बोल्ट बसवून, साऱ्या पाख्याचीच एक वळलेली जाळी केली. सारख्या मापाच्या फळ्या कारखान्यात कातरून आणाव्यात आणि घरात राहावयास येणाऱ्यांनीच हात लावून त्या जोडाव्यात, इतके ते काम सोपे झाले होते. माळ्यात एकही खांब नसल्याने निजण्याच्या खोल्या तेथेच करता आल्या. बोल्ट कालांतराने सैल होतात व जाळी थोडी बसते, हा तिचा दोष. त्यावर उपाय म्हणजे मधून मधून वर जाऊन ते आवळणे.

या ठिकाणी थोडे मागे जाऊन माळ्याच्या उपयोगाचे एक निराळे उदाहरण सांगितल्यावाचून राहवत नाही, कारण ते पुस्तकांसंबंधी आहे. ऑक्सफर्ड विद्यापीठाचे पदवीदानादी समारंभ पूर्वी सेंट मेरीच्या मंदिरात होत. लौकिक गडबड देवाच्या घरी नको, या विचाराने गिल्बर्ट शेल्डन या धर्माधिकाऱ्याने पैसा दिला आणि १६६४ ते १६६९ या वर्षांत शेल्डोनियन सभागृह बांधले गेले. ते बांधणारा क्रिस्टोफर रेन त्या वेळी ज्योतिषशास्त्राचा प्राध्यापक होता. सभागृह सत्तर फूट रुंद. तेवढी तुळई कोठेच नव्हती, आणि प्रेक्षकांच्या दृष्टीआड येणारा खांब तर नकोच होता. त्याच विद्यापीठातील गणिताचा प्राध्यापक जॉन वॉलिस याने आखूड लाकडे एकमेकांत अडकवून रुंद जमीन कशी तोलता येते याचा आधीच विचार केलेला होता. रेनने अनेक तुकडे दातांसारख्या खाचांनी जोडून सत्तर फुटांची तुळई घडविली आणि ती वरच्या कैचीस ठिकठिकाणी टांगली. खाली रंगविलेले छत लागले. वर एवढी विशाल सलग जमीन आयतीच मिळाली, तेव्हा विद्यापीठाच्या मुद्रणालयाने तेथे छापील पुस्तकांचे गठ्ठे रचावयास सुरुवात केली.

कागदाइतके फसवे ओझे दुसरे नाही. एक पोथी हलकी वाटते. एक कपाट भरले म्हणजे त्याचे वजन दगडासारखे होते. छप्पर बसत चालले आहे अशी गावात कुजबुज सुरू झाली आणि १७२० साली विद्यापीठाने पाहणी करविली. तुळया थोड्याशा लवल्या होत्या, एवढेच पाहणाऱ्यांस आढळले. इमारत आणखी शंभर-दोनशे वर्षे सहज टिकेल असा अभिप्राय त्यांनी दिला. रेनची लाकडे प्रत्यक्षात १८०२ च्या सुमारास बदलण्यात आली. छत टांगण्यासाठी केलेली रचना पुस्तकांचा भार वाहू शकली ती तीत राखलेल्या शिलकी बळामुळे. आपल्याकडे जेथे माळ्यावर पोथ्यांच्या पेट्या ठेवल्या आहेत, तेथे त्या भिंतीलगत आहेत की तुळईच्या मध्यावर, हे एकदा चढून पाहण्यास हरकत नाही.

आता फ्रान्समधील रँस शहराकडे वळू. तेथील धर्ममंदिरात फ्रान्सच्या राजांचे राज्याभिषेक होत. १९ सप्टेंबर १९१४ रोजी जर्मन तोफांच्या माऱ्यात ते पेटले. छपराचे सारे लाकूड जळाले आणि त्यावरील शिशाचे पत्रे वितळून पन्हळींच्या दगडी पशुमुखांतून बाहेर वाहिले. पुन्हा बांधण्याचे काम आंरी दनो या वास्तुकाराकडे आले. हा रँसचाच पुत्र, आणि जुन्या छपरांच्या सुतारकामाचा त्याचा व्यासंग मोठा. त्या आकाराचे ओक मिळणे दुरापास्त होते, आणि पुन्हा आग लागण्याचे भय मनात होतेच. दनोने द लोर्मचा १५६१ चा ग्रंथ आठवला. फळ्यांच्या तुकड्यांऐवजी त्याने सळईबंद काँक्रीटचे आखूड तुकडे साच्यात ओतले, ते माणसांनी वर चढविले, दोन दोन थरांनी सांधे चुकवून जोडले आणि त्यांत ओकच्या पाचरी ठोकल्या. कमानींवर जेथे लाकडांची दाटी होती, तेथे आता एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दृष्टी जाईल अशी करड्या रंगाची विस्तीर्ण पोकळी आहे. काम १९२० च्या दशकात झाले. मंदिराचे संपूर्ण पुनरुद्घाटन १९३८ च्या जुलैत झाले.

पॅरिसचे ‘अरण्य’ १५ एप्रिल २०१९ रोजी जळाले, तेव्हा हे उदाहरण सर्वांसमोर होते. काँक्रीट करावे, लोखंड करावे, काचेचे छप्पर करून माळ्यावर बाग करावी, अशा नाना सूचना आल्या. शेवटी निर्णय झाला तो ओकचाच. सुतारांनी पुष्कळसे लाकूड जुन्या रीतीने कुऱ्हाडीने तासून पूर्वीसारख्याच कैच्या उभ्या केल्या, आणि मंदिर डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा उघडले. अरण्य पुन्हा अरण्य झाले. माळा पूर्वीइतकाच अडचणीचा. एका देशात, एकाच संप्रदायाच्या दोन मंदिरांनी शंभर वर्षांच्या अंतराने दोन विरुद्ध निर्णय घेतले. दनोचा निर्णय मला अधिक भावतो, कारण त्याने चारशे वर्षांपूर्वीच्या पुस्तकातला विचार उचलला आणि पदार्थ बदलला. परंतु पॅरिसमध्ये ज्या तरुण सुतारांच्या हाती या निमित्ताने कुऱ्हाड पुन्हा आली, त्यांस माझे म्हणणे पटणार नाही, आणि त्यांच्या बाजूसही वजन आहे.

या काळात सामान्य घरांच्या छपराची गती मात्र उलट झाली. १९५० च्या दशकात अमेरिकेत लाकडाचे सांधे दातेरी पत्र्याने दाबून जोडण्याची रीत निघाली आणि कारखान्यात बनविलेल्या बारीक कैच्या थोड्याच वर्षांत इंग्लंडातही पोचल्या. त्या स्वस्त आणि हलक्या; परंतु दर दोन फुटांवर एक, आणि प्रत्येकीच्या पोटात तिरक्या पट्ट्यांची नक्षी. ज्या माळ्यावर आजोबांनी ट्रंका ठेवल्या होत्या, तेथे नातवास रांगतही जाता येईना. पुढे कुटुंबे वाढली, जागा महागल्या आणि त्याच पट्ट्या काढून खोल्या करण्याचा प्रघात पडला. तेथील जाणते कारागीर या कामात क्रम कधी मोडत नाहीत. प्रथम भिंतीपासून भिंतीपर्यंत लोखंडी तुळया घालावयाच्या, त्यांवर माळ्याची नवी जमीन तोलावयाची, जुन्या वाशांशेजारी नवे वासे जोडून त्यांस मध्ये आधार द्यावयाचा. आणि भार नव्या वाटेने जाऊ लागला याची खात्री झाल्यानंतरच करवत हाती घ्यावयाची.

हाच क्रम आमच्या आजोळी एका वृद्ध सुतारास कोणी न शिकविता ठाऊक होता. कौले सरकल्यावर त्याला बोलावणे गेले. त्याने वर चढून तुटका खांब पाहिला आणि मामांस एकही शब्द बोलला नाही. फक्त सोप्यातली माणसे मागच्या पडवीत हलविण्यास सांगितले. दुसऱ्या दिवशी सोप्याच्या जमिनीपासून तुळईपर्यंत त्याने दोन बल्ल्या उभ्या केल्या आणि त्यांखाली पाचरी ठोकीत तुळईचे पोट बोटाबोटाने वर उचलले. त्याला पाच दिवस लागले. लाकूड घाईने उचलले तर फुटते, असे तो म्हणे. मग पाख्याखालील कौले उतरवून घेऊन त्याने मधल्या एका खांबाऐवजी दोन खांब घेतले, दोघांमध्ये सात हात अंतर राखले, त्यांची डोकी वाशांत कुसू पाडून बसविली आणि त्या दोन डोक्यांमध्ये एक आडवे लाकूड घट्ट ठोकले, म्हणजे वासे त्यांस आत ढकलू शकणार नाहीत. पायांमध्ये तुळईवर तसेच दुसरे लाकूड. तुळई दोन्ही खांबांस लोखंडी पट्ट्यांनी टांगली. सर्वांत शेवटी त्याने खालच्या बल्ल्या सोडविल्या, आणि तुळई जागची हलली नाही.

दोन खांबांच्या मधोमध आता मोठा माणूस ताठ चालू शकत होता. मामांनी ज्या जागेसाठी करवत चालविली होती ती जागा त्यांस मिळाली, आणि पुढे दोन मुलांनी तेथे बसून मॅट्रिकचा अभ्यास केला. जुन्या खांबाचा कापलेला तुकडा सुताराने मोडीत काढू दिला नाही. त्याला चार पाय बसवून त्याने आजीला एक चौरंग करून दिला. घर विकले तेव्हा तो देव्हाऱ्यापुढे होता.